मापाचा शर्ट

मैत्रिणींनो, आज आमच्या जुईने, नातीने हो, कॉलेजचा प्रबंध वेळेत पाठवला! पाचच्या आत द्यायचा होता आणि कॉम्प्युटर सारखा हँग. पोरगी रडकुंडीला आलेली.

मी शेजारी वाटाणे सोलत होते. विचारलं, "एवढं करतो तरी काय गं तो?"

"आजी, मी एक शब्द बदलला तरी तो सगळ्या आलेखांचं गणित पहिल्यापासून करतो."

"म्हणजे दरवेळी नवीन माप? अगं, आपण टेलरकडे मापाचा शर्ट ठेवतो ना, तसं काढलेलं माप ठेव कुठेतरी!"

तिने लगेच आलेखांचे आकडे एका फाइलीत ठेवले, पुढे तेच वापरले. पानं झटक्यात तयार! म्हणाली, "आजी, खरी इंजिनिअर तूच!"

मी हसले. यांना जाऊन दोन महिने झाले, तेव्हापासून सगळं बधिर आहे. आजही दुसरीच कोणी हसल्यासारखं वाटलं.

मग घणसोलीच्या टेलरकडे जाऊन यांचा मापाचा शर्ट परत आणला. मांडीवरच आहे. माझ्या जागी तुम्ही असता तर जपून ठेवला असता का गं?