एका तांब्यातली लक्ष्मी

ओतारकाम करणाऱ्या त्या म्हाताऱ्याला गल्लीत कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे त्याला नऊपट म्हणत. मेणाची मूर्ती घडवली की तिचं वजन करायचं आणि त्याच्या नऊपट पितळ मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, घालायचं, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा. तो त्यानं इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवला होता की शेवटी तोच त्याला चिकटला. केस कापायला गेला तरी न्हावी विचारायचा, "काय नऊपटकाका, आज नऊ केस ठेवू की नऊपट काढू?"

त्याचा कारखाना म्हणजे पत्र्याखालची एक लांबट खोली. मागच्या टोकाला भट्टी, पुढे खिडकीपाशी टेबल. त्या टेबलावर त्याची सून मेणकाम करायची. सासऱ्याचा हात जाड झाल्यापासून बोटं, डोळे, दागिने हे सगळं तिच्याकडे आलं होतं. मूर्ती मेणाची करायची, तिच्यावर मातीचे थर चढवायचे, वाळवायचं, भाजायचं. मेण वितळून निघून जातं, आत पोकळी उरते आणि त्या पोकळीत पितळ जातं. नंतर माती फोडायची. म्हणजे साचा एकदाच वापरायचा. चुकलं की पुन्हा मेणापासून.

नऊपट फक्त घरात ठेवायच्या देवी करायचा, टीचभर उंचीच्या. मोठी कामं त्यानं कधी घेतली नाहीत. "देवळातली देवी लांबून बघायची असते," तो म्हणायचा, "घरातली हातात घ्यायची. रोज धुताना, पुसताना कुणाचा तरी अंगठा तिच्यावरून फिरणार. तो कुठं अडकेल ते आधी बघावं लागतं." म्हणून त्याच्या देवींच्या मुकुटाला धार नसायची आणि कमळाच्या पाकळ्या टोचायच्या नाहीत.

अशा त्या खोलीत एके दिवशी दुपारी एक बाई आली. बसवर कंडक्टर होती. अंगात गणवेश, खांद्याला तिकिटांची पिशवी. तिनं पिशवीतून रुमालात गुंडाळलेला पितळेचा तांब्या काढला. एका बाजूला चेपलेला, गळ्यापाशी घासून घासून पातळ झालेला.

"आईचा आहे," ती म्हणाली. "चार महिने झाले तिला जाऊन. याची लक्ष्मी करून द्या. उभी, चार हातांची, फोटोत असते तशी."

"उभी कशाला? घरातली लक्ष्मी बसलेली बरी. उभी म्हणजे निघायच्या तयारीत, असं मानतात."

"काका, मी दिवसभर उभी असते. आईनंही उभ्या उभ्याच संसार केला. आमच्याकडे बसलेली आली तर तिला एकटं वाटेल."

सून मेणावरून मान वर करून हसली. नऊपटही हसला. मग बाई एकदम गंभीर झाली.

"फक्त एक. यातलंच पितळ. दुसरं कणभरसुद्धा नको."

"कणभरही नको म्हणजे अवघड आहे, बाई."

"म्हणून तर तुमच्याकडे आले. दोघातिघांनी सांगितलं, तुम्ही खोटं बोलत नाही."

नऊपटनं तांब्या तराजूत ठेवला. सहाशे बारा ग्रॅम. "होईल," तो म्हणाला.

ती गेल्यावर तो बराच वेळ तांब्या हातात घेऊन बसला. खोटं तो बोलला नव्हता हे खरं, पण एकदा गप्प राहिला होता. तीस वर्षांपूर्वी एका गृहस्थानं वडिलांच्या पितळी डब्याचा दिवा करून मागितला होता. पितळ थोडं कमी पडलं. नऊपटनं मोडक्या नळाची तोटी मुशीत टाकली. दिवा सुरेख झाला. पुढे तो गृहस्थ रस्त्यात भेटला की दरवेळी म्हणायचा, "तुमच्यामुळे वडील रोज घरात उजेड पाडतात हो." दरवेळी नऊपटच्या डोळ्यांपुढे ती तोटी यायची. सांगू सांगू म्हणताना वर्षं गेली आणि मग तो गृहस्थच गेला.

सुनेनं मेणाची लक्ष्मी केली. वरच्या दोन हातांत दोन कमळं, खालचा उजवा हात पंजा समोर करून, खालचा डावा ओंजळीसारखा खाली झुकलेला. पंचावन्न ग्रॅम मेण. नऊपट केलं तर चारशे पंचाण्णव ग्रॅम पितळ नुसतं मूर्तीला. शिवाय धातू आत जायला वाटा लागतात. मेणाच्याच कांड्या मूर्तीला जोडायच्या, त्या वितळल्या की त्यांच्या जागी रस्ते होतात. त्यांत भरलेलं पितळ नंतर कापून टाकायचं. एरवी नऊपट या वाटांसाठी दीडशे ग्रॅम सहज धरायचा. इथं तेवढं नव्हतं.

"मामंजी, कमळं थोडी बारीक करू का?" सुनेनं विचारलं.

"नको. चांगली झालीत. वाटा बारीक कर."

"बारीक?"

"अगं, त्या कापूनच टाकायच्या आहेत."

चाळीस वर्षं भट्टीपुढे काढलेल्या माणसाचं हे वाक्य. सुनेनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि कांड्या बारीक केल्या.

दुसऱ्या आठवड्यात ओतकाम झालं. साचा गार झाल्यावर नऊपटनं हातोडीनं माती फोडायला सुरुवात केली. मुकुट निघाला, चेहरा निघाला, कमळं निघाली, पाकळी न् पाकळी भरलेली. मग खालचा उजवा हात. मनगटापर्यंत हात होता. पुढे पंजा नव्हता. बारीक वाटेत पितळ मध्येच गोठलं होतं. मनगटाचं टोक मऊ, गोल, जणू तिथं कधी काही असणारच नव्हतं.

"हाच गेला," सून हळू आवाजात म्हणाली. "नेमका 'भिऊ नकोस' म्हणणारा."

खंडित मूर्ती घरात पूजेला ठेवत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. वितळवून पुन्हा करावी लागणार. पण पितळ तापवलं की त्यातलं जस्त पांढरा धूर होऊन उडतं. सगळे तुकडे गोळा करून तोललं तर पाचशे नव्वद भरलं. अजून एकदा ओतता येईल. त्यानंतर या धातूत काही राम उरणार नव्हता.

सुनेचं लक्ष फळीवरच्या भंगाराच्या डब्याकडे गेलं. "मूठभर घातलं तर चारही हात होतील, मामंजी. कुणाला कळणारे?"

"मला कळेल."

"तुम्ही काय, दोन दिवस मनाला लावून घ्याल."

"तीस वर्षं लावून घेतलंय," तो म्हणाला. तोटीची गोष्ट त्यानं तिला तेव्हा पहिल्यांदा सांगितली. तिनं उठून डबा फळीवरून काढला आणि दाराबाहेर नेऊन ठेवला.

कंडक्टरबाईला निरोप गेला. ती ड्यूटी संपवून तशीच आली. नऊपटनं कापड बाजूला केलं.

"काय झालं हे?"

"माझी चूक. वाटा बारीक ठेवल्या. सगळं पितळ मूर्तीला द्यायला गेलो, ते तिच्यापर्यंत पोचायला रस्ताच ठेवला नाही."

बाई त्या मनगटाकडे बघत राहिली. मग फाडकन म्हणाली, "मी माझ्या गाडीत असं केलं असतं तर प्रवाशांनी मला रस्त्यातच उतरवलं असतं."

"तुम्हीही उतरवा. तांब्या आता परत येणार नाही. पण पितळ सगळं आहे. म्हणाल तर असंच घेऊन जा, म्हणाल तर पुन्हा ओततो. मात्र चार हात होणार नाहीत. बसलेली, आटोपशीर, दोन हातांची होईल. कुठले दोन ठेवायचे ते तुम्ही सांगा."

बाई स्टुलावर बसली. त्या दिवसात बहुधा पहिल्यांदाच. "कुठला हात काय सांगतो?"

"चार हात म्हणजे चारी दिशा, असं माझे वडील सांगायचे. वरचे दोन कमळांचे. कमळ चिखलात उभं असतं आणि चिखल अंगाला लावून घेत नाही. खाली झुकलेला हात देणारा. आणि हा गेलेला, तो सांगतो भिऊ नकोस."

"आईनं मला 'भिऊ नकोस' असं कधी म्हटलं नाही," बाई म्हणाली. "तीच भित्री होती. मी चाळिशीची झाले तरी रस्ता ओलांडताना माझं मनगट धरायची. गणवेशात असले तरी. माझे ड्रायव्हर हसायचे. हा हात तिला शोभायचा नाही."

"बाई, तांब्या तुमच्या आईचा आहे. देवी तुमची आई नाही."

हे जरा टोकाचं झालं असं सुनेला वाटलं. तिनं पाण्याचा पेला पुढे केला. बाईनं तो हातातच धरून ठेवला.

"खरं आहे," ती म्हणाली. "आता मनगट धरायला कुणी नाही. मग तोच हात ठेवा. आणि देणारा. कमळं जाऊ देत."

"कमळ जात नाही," सून म्हणाली. "त्यावर तिला बसवते. हातातलं काढते, एवढंच."

"बसलेली चालेल?" नऊपटनं विचारलं.

"एकीनं तरी बसावं घरात," बाई म्हणाली. "फक्त ओताल तेव्हा मी इथं असणार."

भट्टीपाशी परक्या माणसाला तो कधी उभं करत नसे. या वेळी त्यानं मान डोलावली.

नवी मूर्ती चव्वेचाळीस ग्रॅम मेणाची झाली. उजवा पंजा सुनेनं छातीजवळ घेतला, म्हणजे धातूला लांब जायला नको. कांड्या नऊपटनं स्वतः वळल्या, करंगळीएवढ्या जाड. पंजाच्या बोटांपाशी हवा निघायला एक भोक ठेवलं. "इथून पितळ वर आलं की समजायचं, हात भरला," त्यानं बाईला दाखवलं. "नाही आलं तर मी काही बोलणार नाही आणि तुम्हीही काही विचारू नका."

मूस लाल झाली, मग पिवळी झाली. पांढरा धूर पत्र्याकडे निघाला. नऊपटनं चिमट्यानं मूस उचलली. धार न तुटता आत गेली. मूस रिकामी झाली. तिघंही त्या भोकाकडे बघत राहिले. काळं भोक, बोट जाईल न जाईल एवढं. सुनेनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

मग तिथं एक लाल ठिपका दिसला. तो फुगला, काठाशी आला आणि थांबला.

नऊपट भिंतीला टेकून खाली बसला.

साचा दुसऱ्या दिवशी फोडला. पाचही बोटं आली होती. वाटा कापणं, कानस मारणं, घासणं यात आठवडा गेला. सुनेनं शेवटी डोळे कोरले, अर्धे मिटलेले, समोरच्याकडे थोडे खाली बघणारे, कारण घरात माणूस देवीपुढे खालीच बसतो. कानस मारताना पडलेला कीसही नऊपटनं कागदावर झेलला होता.

बाई आली तेव्हा त्यानं सगळं तिच्यासमोर तराजूत ठेवलं. आधी देवी, मग कापलेल्या वाटांचे तुकडे, मग किसाची पुडी. पाचशे बासष्ट.

"सहाशे बारा होता," बाई म्हणाली. "पन्नास कुठे गेले?"

"धुरात. दोनदा तापवलं ना."

बाईनं पत्र्याकडे बघितलं, जिथं धुराचे जुने डाग होते. काही महिन्यांपूर्वी स्मशानात ती एका धुरासमोर उभी होती. "तेवढं जायचंच," ती म्हणाली. मग तिनं अंगठा देवीच्या मुकुटावरून फिरवला, कपाळावरून, छातीजवळच्या पंजावरून. तो कुठेच अडकला नाही.

"हे तुकडे?" नऊपटनं विचारलं.

"तेही द्या. तिचेच आहेत."

तिनं पुडी आणि तुकडे खिशात टाकले. देवी त्याच जुन्या रुमालात गुंडाळून तिकिटांच्या पिशवीत ठेवली. सुनेनं दारापर्यंत जाऊन तिला निरोप दिला. नऊपट खिडकीशी उभा राहिला.

समोर रस्त्यावर गाड्यांची रीघ होती. कंडक्टरबाई कडेला थांबली. पिशवी खांद्यावरून काढून तिनं पुढे घेतली, तिचा वरचा भाग एका हातानं घट्ट धरला, मनगट धरावं तसा, आणि डावीउजवीकडे बघत रस्ता ओलांडू लागली.