मक्याची ओटी

“नखाला इचारू,” असं मावशी म्हणायची आणि उजव्या अंगठ्याचं नख समोरच्या वस्तूत रुतवायची. वस्तू कुठलीही असो. फणस, उकडलेला बटाटा, हलवायाच्या ताटातला पेढा. एकदा तर माझ्या मोरीचं ताजं प्लास्टर. गवंडी ओरडला, “ओ मावशी, सुकलं नाय अजून!” तर ही शांतपणे म्हणाली, “तेच तर नख सांगतंय.” नखाची ती कोर चाळ पाडेपर्यंत माझ्या मोरीत होती.

ठाकुर्लीला आमची बैठी चाळ होती. पुढे सगळ्यांची मिळून एक लांब पडवी, बाजूला नाला आणि मागे कुणा शेठची पडीक जागा. मावशी शेवटच्या खोलीत राहायची. तिचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणायचो, आंबिवलीकडे एका कंपनीत पाळीवर जायचे. मूळची ती देशावरची. मी तेव्हा कल्याणला एका ऑफिसात टायपिस्ट होते आणि जिभेची तिखट म्हणून चाळीत नावाजलेली. पण या बाईपुढे माझी जीभ चालायची नाही. ती का, तेच सांगायला बसलेय.

मागच्या त्या पडीक जागेत ती दर वर्षी मका लावायची. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? मलाही तसंच वाटायचं. भुट्टा म्हणजे गाडीवाला कोळशावर भाजतो आणि आपण लिंबू-तिखट लावून खातो, एवढंच माझं ज्ञान. एका श्रावणात तिने मला मक्यात नेलं. मका डोक्याच्या वर गेलेला. तिने एका कणसाच्या टोकाचे ओले केस बोटांवर घेतले आणि म्हणाली, “हे केस बघितलेस? येक केस, येक दाना. वरच्या तुऱ्याची धूळ ज्या केसावर पडली नाही, त्याचा दाना भरत न्हाई.” मी वर पाहिलं, खाली पाहिलं. अहो, वाऱ्यावर उडणारी ती धूळ आणि एकेका केसाची वाट पाहणारा एकेक दाणा! अंगावर काटा आला. त्यानंतर मी भुट्टा कधी घाईघाईत खाल्लेला नाही.

खताचंही तिचं आपलं शास्त्र होतं. पेरणीला तबेल्यातलं म्हशीचं शेण. मका गुडघ्याला लागला की चिमूटभर युरिया, आणि तुरा डोकवायच्या आधी आणखी एकदा चिमूटभर. झाडापासून वीतभर लांब टाकायचा आणि लगेच मातीने झाकायचा. “उघडा टाकला की उडून जातो. वास येतो न्हवं, तो आपलं खतच चाललेलं असतं,” ती सांगायची.

आणि कणसं तोडायला घाई करायची नाही! सगळी चाळ आशाळभूतासारखी बघत राहायची. दाण्याला नख लावून दूध उडालं की ती कणसं वाटून टाकायची. पण मधल्या दोन ओळींना कुणी हात लावायचा नाही. त्या बियाण्याच्या. तिथली कणसं धाटावरच वाळायची, दाणा दगडासारखा होईपर्यंत. आम्ही म्हणायचो, मावशी, बाजारात किलोने बियाणं मिळतं, कशाला एवढं? ती नुसती हसायची.

त्या हसण्यामागचं कारण मला एका हळदीकुंकवाला कळलं. तिच्या लग्नाच्या साली त्यांच्याकडे दुष्काळ होता. पाठवणीच्या वेळी लेकीची ओटी भरायला घरात ना तांदूळ ना गहू. आईने बियाण्याच्या मडक्यात हात घातला आणि मक्याने ओटी भरली. सासरी बायका पदराआड खूप हसल्या. ‘मक्याची ओटी’ असं तिला नावच पडलं. तिने ते दाणे दळले नाहीत, पेरले. तेच बियाणं फिरत फिरत ठाकुर्लीला आलेलं. “माझ्या शालनची ओटी मी ह्याच मक्यानं भरनार,” ती म्हणाली. शालन तिची एकुलती एक. पोरगी लाजून म्हणाली, “आई, लोक हसतील गं.” “हसू दे. मला बी हसले हुते. मेले का मी?”

ज्या पावसाळ्याची ही गोष्ट, त्याच्या आदल्या पावसाळ्यात नाला भरून चाळीत घुसला. मावशीचा बियाण्याचा डबा पाण्यात गेला आणि सगळं बियाणं बुरशीने काळं पडलं. चौकटीला टांगलेलं एक कणीस तेवढं वाचलं. दुसऱ्या वर्षी तिने तेवढंच पेरलं. शालनचं लग्न ठरलेलं, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त. म्हणजे आता जे पिकेल तेच. ते गेलं तर तिच्या आईची मूठ संपली, हे चाळीतल्या लहान मुलालाही ठाऊक होतं.

आणि नेमकी तेव्हाच मावशी टायफॉइडने अंथरुणाला खिळली.

मका गुडघ्याला आलेला आणि खालची पानं टोकाकडून पिवळी पडायला लागलेली. चाळीत एक शास्त्र शिकवणारे गुरुजी होते. त्यांनी पान उन्हात धरून पाहिलं आणि सांगितलं, “नत्र कमी पडतंय. युरिया हवा.” बरोबर सांगितलं त्यांनी. कल्याणहून एक पिशवी आणलीही, आणि मक्याला मूठभर टाकून ती पडवीच्या कोपऱ्यात ठेवून दिली. इथवर सगळं ठीक. पण आमची चाळ ती! मावशी आजारी, तिचा मका पिवळा, मग आपण हातभार नको लावायला? जो तो एकेकटा गेला आणि कुणाला न सांगता एकेक मूठ टाकून आला. कुणी सकाळी दूध आणायला जाताना, कुणी कामावरून आल्यावर. प्रत्येकाला वाटत होतं की आपणच काय ते पुण्य केलं. मी टाकला नाही, पण तो शहाणपणा नव्हता हो, निव्वळ आळस.

मावशी उठून काठी टेकत मागे गेली तेव्हा मीच तिला धरलं होतं. काही झाडं करपून बसलेली. बाकीची काळपट हिरवीगार, माजल्यासारखी उंच, आणि वाऱ्याने जागोजाग कलंडलेली. कणसं धरलेली, पण मका थांबायचं नावच घेत नव्हता. एरवी दाणा भरून येण्याच्या दिवसांत हा आपला पानावर पानं काढतोय. ती खाली बसली, माती उकरली, वास घेतला. मग पडवीतली रिकामी पिशवी पाहिली आणि तिला सगळं उमगलं.

मला वाटलं, आता ही रडणार किंवा आमचा उद्धार करणार. दोन्ही आमच्या लायकीचंच होतं. गुरुजी तर खाली मान घालून उभे. ती म्हणाली, “गुरुजी, तुमचं चुकलं न्हाई. भूक हुतीच त्याला. पर पंगतीत आग्रह करायचा, तो समद्यांनी येकदम व्हय?” आणि हसली. नंतर मात्र तिचा चेहरा पडला. “लई उशीर लागंल आता ह्याला,” एवढंच पुटपुटली.

उशीर परवडणारा नव्हता. ती जागा बिल्डरने घेतली होती. दसऱ्यानंतर काम सुरू होणार असं ठरलेलं, पण गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी त्याचा मुकादम आला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, “मावशी, परवा बुलडोझर येतोय. माझ्या हातात काय नाय. कणसं तोडून घ्या, चांगली कोवळी आहेत, भाजून खा सगळी.”

मावशीने एक कणीस सोललं. नख रुतवलं. दूध उडालं नाही, नुसतं दाटसर काहीतरी नखाला लागलं. “दूध आटलंय, पर खवा झाला न्हाई,” ती म्हणाली. चाळीत एकच सूर, तोडून घे, निदान खाण्यात तरी येईल. काकाही हळूच म्हणाले, “जाऊ दे गं. तांदळानं भरू ओटी.” तिने कमरेला पदर खोचला.

“कनीस तोडलं की ते तिथंच थांबतं, सुरकुततं. धाटासकट उचललं तर धाट मरता मरता बी कनसाला पाजतं,” ती म्हणाली. “मुळं, माती, समदं उचला. आनि ज्यानं ज्यानं खत टाकलं, त्यानं आपल्या दारात उभं करायचं.”

काय सांगू तुम्हाला ते दृश्य! घमेली, फुटक्या बादल्या, गोणपाटं, मिळेल ते घेऊन सगळी चाळ चिखलात उतरली. गुरुजींचं धोतर गुडघ्याच्या वर. संध्याकाळपर्यंत अख्खं शेत आमच्या पडवीत येऊन उभं राहिलं. दारादारात भिंतीला टेकून, सुतळीने खिडकीच्या गजांना बांधलेली माणसाहून उंच धाटं. आणि गंमत बघा, एकही दार रिकामं नव्हतं. कुणी टाकला आणि कुणी नाही, हे विचारायची वेळच आली नाही. माझ्या दारातही चार उभी केली, न टाकल्याबद्दल!

नंतरचे कित्येक दिवस आम्ही स्वतःच्या घरात आडवे होऊन शिरायचो. ऑफिसला जाताना पानं गालाला लागायची. मागे बुलडोझर घरघरत होता आणि पुढे दारात मका पिकत होता. मावशीने कणसांची पानं मागे सोलून ठेवलेली, वारा लागावा म्हणून. चाळीतल्या पोरांनी एका दाण्याला हात लावला नाही, हे आठवलं की आजही मला खरं वाटत नाही. धाटं हळूहळू पिवळी पडली, मग भुरी. रोज संध्याकाळी मावशी दारोदार फिरायची, पेशंट तपासणाऱ्या डॉक्टरणीसारखी. नख लावायची, मान हलवायची, पुढच्या दारी जायची.

दिवाळीच्या तोंडावर ती माझ्या दाराशी थांबली. दाण्यावर नख ठेवलं, दाबलं, पुन्हा दाबलं. मग माझा हात धरून माझा अंगठा त्या दाण्यावर ठेवला. “तू इचार,” म्हणाली. मी दाबलं. नख गेलं नाही. तिने डोळ्यांना पदर लावला, आणि मी, चाळीतली तिखट जिभेची बाई, भोकाड पसरून रडले.

सगळीच कणसं पोसली नव्हती, कितीतरी पोचट निघाली. पण ओटीपुरती आणि पेरणीपुरती झाली. शालनच्या पाठवणीला मावशीने मूठ पुढे केली तेव्हा व्याह्यांकडच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आणि आमच्या चाळीतल्या बायकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की कुणाची हसायची छाती झाली नाही.

मागे चार मजली इमारत उभी राहिली. मावशीने पुन्हा मका लावला नाही, जागाच नव्हती. बाजारात भाजी घेताना “नखाला इचारू” तेवढं चालू राहिलं. काही वर्षांनी तिचं दुखणं निघालं आणि शेवटी ती हिंडायचीही थांबली. काकांच्या आधी गेली. सवाष्ण गेली म्हणून आम्ही बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. ओटीसाठी कुणीतरी ताटात तांदूळ काढले.

शालन सासरहून पोचली ती थेट आत आली. रडली नाही. तांदळाचं ताट बाजूला सारलं आणि पदराची गाठ सोडली. आत मका होता. तिच्या स्वतःच्या शेतातला.

“काकू, जरा बघता?” ती मला म्हणाली.

मी एक दाणा घेतला आणि अंगठ्याचं नख दाबलं. गेलं नाही. मग आम्ही मावशीची ओटी भरली.