पायाळू शकुबाईची कंबर

फुलसावंगीत कोणाच्या कंबरेत उसण भरली की तो आधी शकुबाईच्या ओसरीवर यायचा. शकुबाई पायाळू. आईच्या पोटातून ती पायांनी बाहेर आली, आणि अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, ही आमच्याकडची जुनी समजूत. माणूस चटईवर पालथा पडायचा. शकुबाई उजव्या पायावर उभी राहून डावा पाय त्याच्या कंबरेवर तीनदा अलगद टेकवायची. चाळीस वर्षं हेच.

नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पण उसण भरलेला माणूस उठून लगेच जात नाही. चहा पितो, सोयाबीनला किती शेंगा लागल्या ते सांगतो, सुनेला नावं ठेवतो. तिच्या घरात आवाज म्हणून असायचा तो तेवढाच.

मग तिचीच कंबर धरली. उजवीकडे, खाली. कूस वळताना जीव जायचा, पाटावरून उठताना भिंत लागायची. आणि एका पायावर उभं राहिलं की विस्तव. ती कोणाला बोलली नाही. बहिणीकडे जाते असं शेजारी सांगून पुसदच्या एका दवाखान्यात गेली. फोटोत काही मोडलेलं निघालं नाही. डॉक्टरांनी तिला व्यायाम शिकवणाऱ्या अर्पिताकडे पाठवलं.

"पायाले मुंग्या येते काय, मावशी? लघवीचा त्रास? ताप?"

"नाही व माय."

"बोट ठेवून दाखवा, कुठं दुखते."

शकुबाईने हात मागे नेला आणि कंबरेखालच्या खळीवर एकच बोट ठेवलं.

अर्पिताने समजावलं. पाठीचा कणा खाली कुल्ल्याच्या हाडांना मिळतो, तिथे दोन्ही बाजूंना एकेक सांधा असतो. तो हलतो थोडासाच, पण धडाचं ओझं पायांकडे तोच पोचवतो. एकाच पायावर सारखा भार पडला की दुखावतो.

"एका पायावर उभं राहाचं काम करता काय?"

शकुबाईने अडखळत सांगितलं.

"म्हंजे लोकाईच्या उसणी तुमच्याच कंबरेत जमा झाल्या!"

"हास तू. तुह्या मायले उसण भरली तं माह्याकडंच येईन."

अर्पिताने कुल्ल्यांवरून बांधायचा पट्टा दिला. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, पायरी चढताना चांगला पाय आधी. उताणं पडून, गुडघे दुमडून, कंबर हळू उचलायची. आणि सहा आठवडे कोणाला पाय लावायचा नाही.

"लोकं आले तं?"

"बसून बोला त्याईच्याशी."

"बोलाले कोन येते, पोरी? त्याईले पाय पाह्यजे."

रविवारी तांड्यावरचा नेमसिंग वाकत आला. तो तिला याडी म्हणायचा, म्हणजे आई. येताच चटईवर पालथा झाला.

"लाव याडी, पटकन."

"माह्याच कंबरेले पट्टा हाय, नेमसिंग. तू दवाखान्यात जाय. नाही तं माह्यासारखा व्यायाम कर, शिकवतो मी."

"व्यायाम पयलवान करते. एक डाव टेकव ना. कोनाले नाही सांगत."

तो तसाच पडून राहिला. शकुबाईची डावी टाच आपोआप उचलली गेली. पाय टेकवला असता तर तो तासभर बसला असता, बैलाचं सांगितलं असतं. उजवीकडे कळ उठली. तिने टाच खाली ठेवली.

"उठ. चहा ठेवतो."

"चहा मंग कवा पिऊ," म्हणत तो कंबर धरून निघून गेला.

नंतर कोणी आलं नाही. ती रोज उताणी पडून कंबर उचलायची, दहापर्यंत मोजायची, आणि आपलाच आवाज ऐकायची.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी तिला जाग आली ती उजव्या कुशीवर. कधी वळली, कळलंच नव्हतं. भिंत न धरता ती उठली, अंगणात आली. शेजारचं दार बंद होतं; सगळी माणसं कापूस वेचायला गेलेली. अर्पिताने दिलेली तारीख पुढच्या सोमवारची होती. शकुबाईने केस विंचरले, पट्टा बांधला आणि पुसदच्या एसटीत बसली.

"कुठं, मावशी?" कंडक्टरने विचारलं.

"पुसद. राती कूस वळलो मी, जाग नाही आली."

त्याने तिकीट तिच्या हातात दिलं आणि तो पुढच्या सीटकडे गेला.