अक्षतांकडे पाठ

माजलगावात लग्नाचं शूटिंग म्हटलं की बजरंग, हे सव्वीस वर्षं चाललं होतं. नवरदेवाची एन्ट्री, पुढाऱ्यांचे सत्कार, बदामाच्या आकारात बसवलेली जोडी आणि वरून गाणं. त्याच्या फिल्ममध्ये नवरा-नवरी तेवढी बदलायची. कुणाची तक्रार नव्हती.

आणि आता ही किराणावाल्या ईश्वरप्पांची शिवकन्या! ना गाणं, ना इफेक्ट, तरी मोहनरावांनी लेकीच्या लग्नाची फिल्म तिला दिली आणि बजरंगला नुसता दुसरा कॅमेरा. बजरंगचा नुसता जळफळाट झाला. कालची पोर ती!

लग्नानंतर मोहनरावांच्या बैठकीत टीव्हीवर फिल्म लागली, तेव्हा बजरंग न बोलावता जाऊन बसला. तिची फजिती त्याला चुकवायची नव्हती. ऐन मंगलाष्टकांत या शहाणीनं नवरा-नवरीकडं पाठ फिरवलेली त्यानं डोळ्यांनी पाहिली होती.

झालंही तसंच. मंगलाष्टकं ऐकू येत होती आणि पडद्यावर होती नवरीची आई, सावित्रीबाई. लेकीवर अक्षता पडताना आईनं बघायचं नसतं, म्हणून ती मांडवाबाहेर तुळशीला पाणी घालत होती. तांब्या रिकामा झाला तरी तो तसाच वाकडा धरून उभी होती.

"अक्षदा कुठं हायत?" मोहनराव कडाडले.

बजरंगच्या मनात उकळ्या फुटल्या. "माझ्याकडं हायत की, मालक."

"मग हे काढा आन त्या टाका."

"न्हाई काका," शिवकन्या म्हणाली. "टाकायच्या असतील तर माझं नाव काढा. मग ही फिल्म माझी न्हाई."

आता हिचा निकाल लागला, असं बजरंग धरून चालला. तेवढ्यात आतल्या दारातून सावित्रीबाई म्हणाल्या, "राहू द्या ते. मी बी त्या लग्नात व्हते, हे कुणाला तरी दिसलं."

 मोहनरावांनी रिमोट उचलला आणि तेवढाच भाग पुन्हा लावला.

बजरंग चहा न घेताच उठला. मोटारसायकलवर त्याला तिचं ते 'न्हाई काका' सलत राहिलं. शूटिंग केलेल्या पहिल्याच लग्नात त्यानंही अशीच एक आई टिपली होती आणि मालकानं हेच विचारलं होतं. तेव्हा तो 'व्हय मालक' म्हणाला होता, आणि दुसऱ्याच कुणी शूट केलेल्या लग्नातल्या अक्षता उसन्या आणून त्यानं त्या माउलीवर चिकटवल्या होत्या.