मामाजींच्या कानातलं अत्तर

वीस एप्रिल. कूलरच्या ताट्या बदलायला काढल्या होत्या. माझे हात गवताने भरलेले, आणि दारात मामाजी, डावा कान धरून उभे. माझ्या नवऱ्याचे हे मामा म्हणजे अख्ख्या नागपुरात डोळे मिटून ओळखता येईल असा एकमेव माणूस. ते आमच्या हुडकेश्वरच्या गल्लीत वळले की मला स्वयंपाकघरात कळतं, आणि गेल्यावरही बराच वेळ सोफा त्यांचाच राहतो. उन्हाळ्यात खस, पावसाळ्यात केवडा, थंडीत हीना. कुणाच्या तेरवीला जायचं तर चंदन, कारण तिथे हीना म्हणे बेशरम वाटतो. इतर लोक अत्तराचा फाया कानाच्या वरच्या घडीत खोचतात. मामाजी तो करंगळीने पार आत ढकलतात, बाहेर ठेवला तर हवा फुकटात पिऊन टाकते म्हणून. नात्यातल्या प्रत्येक लग्नात मांडवाच्या दारात अत्तरदाणी घेऊन तेच उभे राहतात आणि माणूस पाहून अत्तर लावतात. मुलीच्या बापावर ओरडलेल्या एका व्याह्याला त्यांनी नुसतं गुलाबपाणी शिंपडून आत सोडलं होतं.

कान लालबुंद होता, नळी सुजून बारीक झाली होती. हात धुतले आणि त्यांना स्कूटरवर बसवून धंतोलीला कानाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने फाया ओढून काढला तेव्हा दवाखानाभर खस दरवळला. त्यांनी नीट तपासून सांगितलं की संसर्ग वगैरे काही नाही, अत्तराने आतली कातडी चिडली आहे. थेंब घाला, कान कोरडा ठेवा, फाया बंद. मामाजींनी यातलं सोयीचं तेवढं घेतलं. परतताना सिग्नलला शेजारच्या ऑटोवाल्याला सांगून झालं, "एकही जंतू नाही गा माह्या कानात. मशीन लावून पाहिलं."

डावा कान बरा होत आला आणि उजवा सुजला. काय केलंत म्हणून विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "मनाई डाव्याले होती न."

पुन्हा धंतोली. या वेळी डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कानांची नावं घेऊन मनाई केली. कातडीला आता अत्तर सोसत नाही, फाया कायमचा बंद. बोटानेही कुणाला लावायचं नाही, कारण तेच बोट खाज सुटली की कानात जातं. मामाजी परतीच्या वाटेवर एका ऑटोवाल्याशीही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातीचं लग्न होतं. संध्याकाळी ते आमच्याकडे येऊन बसले, चहाला हात लावला नाही. त्यांचा मुलगा म्हणाला होता, डेकोरेशनवाल्याचा माणूस उभा करू, तो फवारा मारेल. मीही स्पष्टच सांगितलं की अत्तरावाचून कुणाचं लग्न अडत नाही.

"लग्न नाही अडत," मामाजी म्हणाले. "पन दारात मी कोन म्हनून उभा राहू वं, सूनबाई? बिनवासाच्या म्हाताऱ्यापाशी कोन थांबते?"

निवलेला चहा गरम करायला मी आत गेले.

सकाळी आंघोळ करून मी त्यांच्याकडे गेले आणि अत्तराची पेटी ताब्यात घेतली. पाहुण्यांना बाईने अत्तर लावायचं हे आमच्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. म्हटलं, आता पाहतील. मामाजींना सांगितलं, तुम्ही माणूस बघून अत्तराचं नाव सांगा, मी लावते, हात मागे बांधून उभे राहा. मामाजींनी पेटीकडे पाहत हात मागे बांधले. मग मी खसचा एक फाया केला, माझ्याच कानाच्या वरच्या घडीत खोचला, आणि मांडवाच्या दारात त्यांच्या अगदी जवळ, वारा माझ्यावरून त्यांच्याकडे जाईल अशी उभी राहिले.