लिफ्टचा सूर

आमचे हे विद्यापीठात लिफ्टची देखभाल करतात. एकतीस वर्षं झाली. लिफ्टचं दुखणं त्यांना कानानं कळतं. माझं मात्र बोलून दाखवल्यावरसुद्धा कळत नाही. पण ते असो.

तीन वर्षांपूर्वी विद्यापीठाची मुलं आणि आसपासची हौशी माणसं मिळून एक गायकवृंद निघाला. तालीम दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात. हे तिथे दाराचं बिजागर दुरुस्त करत असताना नकळत गुणगुणले आणि संगीताच्या बाईंनी त्यांना तिथेच पकडलं. "काका, हा खालचा आवाज मी वर्षभर शोधतेय!"

ह्यांनी कानावर हात ठेवले. लहानपणी शाळेच्या कार्यक्रमात थोरल्या बहिणीनं, म्हणजे आमच्या वन्सांनी, ह्यांना सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." तेव्हापासून ह्यांनी आंघोळ करतानाही तोंड उघडलं नव्हतं. वन्सांनी ह्यांना आईच्या मायेनं वाढवलं, त्यामुळे त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्या एका वाक्यासाठी मी त्यांना मनातून कधी माफ केलं नाही.

बाईंनी पिच्छा सोडला नाही. ह्या वर्षीच्या कार्यक्रमाचा विषय होता 'उभारी'. मुलं म्हणाली, "काका, माणसांना वर न्यायचं म्हणजे तुमचंच खातं!" शेवटच्या गाण्याची पहिली ओळ ह्यांनी एकट्यानं, साथीशिवाय म्हणायची असं ठरलं. ह्यांनी वन्सांना फोन केला. "ताई, तू यायचंसच," एवढंच म्हणाले. रोज संध्याकाळी कोट घालून आरशासमोर उभे राहायचे, तेही वन्सांसाठीच.

एक गोष्ट मात्र फक्त मला ठाऊक होती. ह्यांना स्वरलिपीतलं ओ की ठो कळत नव्हतं. सभागृहाच्या भिंतीपलीकडे लिफ्टच्या यंत्राचा पंखा सतत घुमतो, त्यातून हे आपला पहिला सूर उचलायचे. घरी सराव करताना सूर सापडेना, तर फ्रिजला कान लावून बसले. "हा जरा चढा आहे," म्हणाले. मी कपाळावर हात मारला.

कार्यक्रमाच्या दिवशी ध्वनिमुद्रणवाले आले आणि म्हणाले, ही घरघर बंद करा. लिफ्टची किल्ली ह्यांच्याच खिशात. सगळे प्रेक्षक वर आल्यावर ह्यांनी स्वतःच्या हातानं लिफ्ट बंद केली. वन्सांचा पत्ता नव्हता. पहिल्या रांगेतली त्यांची खुर्ची रिकामीच राहिली.

शेवटच्या गाण्याची वेळ आली. हे पुढे आले. तेवढ्यात दारावरचा रखवालदार वाकून माझ्या कानात म्हणाला, "खाली एक आजी आल्यात. गाडी चुकली म्हणतात. गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही."

खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, बसू देत खाली. पण हे त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. मी उठले आणि भर सभेत बोट खाली दाखवलं.

ह्यांना कळलं. "दोन मिनिटं थांबा," माइकवर म्हणाले. "माझी ताई खाली आहे." आणि किल्ली काढत थेट बाहेर! लोक हसले. ध्वनिमुद्रणवाल्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. मग भिंतीपलीकडून ओळखीची घरघर सुरू झाली आणि थोड्या वेळानं वन्सं ह्यांचा हात धरून आत आल्या.

"बंद करू का परत?" ह्यांनी बाईंना विचारलं.

"राहू द्या हो," बाई म्हणाल्या.

हे जागेवर उभे राहिले, भिंतीकडे किंचित मान कलली आणि त्यांनी ओळ उचलली. घरी दबकत सराव करायचे, पण असा मोकळा आवाज मी संसारात कधी ऐकला नव्हता. मला रडू आलं, आणि इतकी वर्षं हा आवाज घरात असून आपण ऐकला नाही म्हणून रागही आला.

शेजारी वन्सं पदराचं टोक तोंडावर धरून बसल्या होत्या. "ओठ हलव म्हणाले होते मी त्याला," त्या पुटपुटल्या. "त्याचा सूर चुकत नव्हता गं. त्याच्यापुढे माझा आवाज कुणाला ऐकूच येत नव्हता."

माझ्या तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं. "मला नका सांगू ताई, त्यांना सांगा."

परतताना लिफ्टमध्ये आम्ही तिघंच होतो. दार बंद झालं तशा वन्सं बोलल्या. ह्यांच्याकडे न बघता, बटणांकडे बघत, पण सगळं बोलल्या. लिफ्ट तळमजल्यावर थांबली, दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं.

ह्यांनी पुन्हा दुसऱ्या मजल्याचं बटण दाबलं.

"परत सांग," म्हणाले.