ज्वारीच्या वजनाचे मुरमुरे

मुरमुरे भाजल्याचा वास आला की मला पुण्यातली पहिली दिवाळी आठवते. आठवीत शाळा सोडलेली मी पांढुर्ण्याहून येऊन एका मेसमध्ये कामाला लागले होते. काढून टाकतील, ही धास्ती रोजचीच. मेसवाल्या काकूंनी विचारलं, “यंदा चिवडा तुमच्याकडचा कर. मुरमुरे किती किलो मागवू?”

आमच्याकडे मुरमुरे वजनावर नाही, पायलीच्या मापानं भरून मोजतात. पाच पायल्या लागतील असा अंदाज करून मी घरी फोन लावला. “माय, पाच पायल्या म्हणजे किती किलो?”

मायनं घरातली ज्वारी पायलीत भरली, दुकानात नेऊन तोलली आणि सांगितलं, “वीस किलो मांग. तुले कमी पडू नये म्हणून मी पायली हलवून हलवून भरली.”

दुसऱ्या दिवशी पोत्यांनी स्वयंपाकघराचं दारच बुजलं. काकू बाहेरून ओरडल्या, “अगं, चिवडा करायचाय की गाद्या भरायच्यात?”

मला रडू फुटलं. काकू पोत्यांवरून चढून आत आल्या, धापा टाकत हसल्या. “रडतेस काय? आता हे संपेपर्यंत तुला मी कुठंच जाऊ देत नाही!”

आज त्या पोत्यांचे उपकारच वाटतात. तेव्हा मात्र डोळे पुसतच होते, तर मायचा फोन आला.

“पुरले का वं पोरी?”